अर्जातलं शुद्धलेखन: कुठे डोळ्यांत तेल घालायचं, कुठे सोडून द्यायचं

‘माझे मराठी भाषेवर प्रभूत्व आहे.’

हे वाक्य आजवर किती अर्जांत वाचलं याची मोजदाद नाही. दर वेळी नजर त्या ‘भू’वर अडकते, मनातल्या मनात हसू येतं, आणि मागोमाग थोडी लाजही वाटते. कारण ही चूक अकलेची नसते. मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ लिहायचा, मूळ संस्कृत शब्दात तो ऱ्हस्व असला तरी. म्हणून प्रभू, गुरू, कवी, बुद्धी. पण पुढे काही जोडलं की तोच शब्द आपल्या मूळ रूपात परत जातो: प्रभुत्व, गुरुजन, कविमन, बुद्धिमत्ता. ‘प्रभूत्व’ लिहिणाऱ्याने खरं तर डोकं चालवलेलं असतं. प्रभू दीर्घ, मग प्रभूत्वही दीर्घ. तर्क सरळ, उत्तर चूक.

मी आधी छापखान्यात मुद्रितं तपासायची, आता नोकरभरतीच्या कामात अर्जांची पहिली चाळणी करते. म्हणजे चुका शोधण्याची सवय हाडीमाशी खिळलेली. ती सवय उमेदवारांना महागात पडते हे मला माहीत आहे, म्हणूनच हे लिहायला बसले. सगळी मराठी शुद्ध करून घ्या असं मी सांगणार नाही. नोकरी शोधता शोधता ते कुणालाच जमत नाही. पण काही जागा अशा आहेत की तिथली एक चूक दहा चुकांइतकी नडते. त्या जागा राखल्या तरी बरंच काम होतं.

पहिल्या फेरीत अर्ज कुणी वाचत नाही

वाचत नाही, चाळतं. समोर गठ्ठा असतो आणि डोळा कारणं शोधत असतो, हा बाजूला ठेवायचा की पुढे पाठवायचा. अशा वेळी जे आधी दिसतं ते पुढच्या सगळ्याला रंग लावतं. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९४६ साली एक साधा प्रयोग मांडला होता. एका माणसाचं वर्णन म्हणून त्याने सहा विशेषणं वाचून दाखवली: हुशार, मेहनती, उतावळा, चिकित्सक, हट्टी, मत्सरी. दुसऱ्या गटाला हीच सहा, पण उलट्या क्रमाने, मत्सरीपासून सुरुवात करून. ज्यांनी ‘हुशार’ आधी ऐकलं त्यांना तो माणूस एकूण बरा वाटला, उणिवा असूनही. ज्यांनी ‘मत्सरी’ आधी ऐकलं त्यांचं मत वाईट झालं. शब्द तेच होते, फक्त क्रम फिरवला होता.

अर्जाचंही तसंच होतं. विषयाच्या ओळीत चूक दिसली की खाली लिहिलेलं ‘मी काटेकोरपणे काम करतो’ हे वाक्य मी त्या चुकीच्या चष्म्यातून वाचते. तीच चूक दुसऱ्या पानाच्या तळाशी असती, तर माझ्या लक्षातही आली नसती. आणि वाचणाऱ्याच्या मनात पुढची उडी आपोआप पडते: वेलांटी चुकली, म्हणजे निष्काळजी, निष्काळजी, म्हणजे कामातही तसाच. या उडीला काही आधार नाही. एकदा यंत्रांच्या देखभालीच्या जागेसाठी आलेला एक अर्ज मी असाच बाजूला टाकला होता. खात्याचे प्रमुख सहज गठ्ठा उलटत होते, त्यांनी तो उचलला आणि म्हणाले, “बाई, मला मशीन दुरुस्त करून हवंय, निबंध नकोय.” तो अर्ज पुढे गेला. पण गठ्ठा उलटायला दर वेळी कुणी येत नाही.

काही ठिकाणी तर माणसाआधी सॉफ्टवेअर अर्ज चाळतं. त्याला हसू येत नाही आणि लाजही वाटत नाही, ते फक्त शब्द शोधतं. कौशल्याचं नाव चुकीच्या अक्षरांत लिहिलं असेल तर ते कौशल्य तुमच्याकडे नाहीच, असं धरून ते मोकळं होतं.

धोक्याच्या जागा

पहिली जागा, ज्यांना अर्ज पाठवताय त्यांचं नाव. मी स्वतः इथेच आपटले आहे. उमेदवारीच्या काळात एकच अर्ज चार ठिकाणी पाठवत होते. वरचं नाव बदललं, विषय बदलला, आणि शेवटच्या परिच्छेदात ‘आपल्या संस्थेत’च्या आधी जुन्याच संस्थेचं नाव राहिलं. व्याकरण निर्दोष, एक वेलांटी इकडची तिकडे नाही. उत्तर अर्थातच आलं नाही. तेव्हापासून नाव एकाच जागी ठेवायचं आणि बाकी सगळीकडे ‘आपली संस्था’ म्हणायचं, हा माझा नियम आहे. माणसाचं नाव तर त्याने स्वतः जसं लिहिलं असेल तसंच लिहा. तिथे तुमचं शुद्धलेखन चालवू नका. आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ हा ज्याचा त्याचा हक्क आहे.

दुसरी जागा, पदाचं नाव. ते जाहिरातीतून अक्षर न् अक्षर उतरवून घ्या. पण जाहिरातीतही चूक असू शकते, म्हणून थोडं समजून घेतलेलं बरं. ‘अधिकारी’ लिहिताना धि ऱ्हस्व, पण ‘अधीक्षक’ लिहिताना दीर्घ. असं का? ईक्ष् म्हणजे पाहणे. अधि आणि ईक्षक एकत्र आले की दोन इकार मिळून दीर्घ होतात. अधीक्षक, निरीक्षक, परीक्षक, समीक्षक, प्रतीक्षा ही सगळी एकाच घरातली माणसं, सगळी ‘पाहणारी’, सगळी दीर्घ. घर ओळखलं की पाच शब्द एकदम पाठ होतात. ‘परिस्थिती’ त्या घरातली नाही, म्हणून तिचा रि ऱ्हस्व.

असंच दुसरं घर ट आणि ठ यांचं. अर्जांत ‘कनिष्ट लिपिक’ आणि ‘उत्कृष्ठ गुण’ हे जोडीने येतात. जणू ट आणि ठ यांनी जागा बदलून घेतल्या आहेत. तुलनेत ‘सर्वांत’ असा अर्थ असेल तिथे ठ: वरिष्ठ, कनिष्ठ, ज्येष्ठ, श्रेष्ठ. झालेलं, केलेलं, ठरवलेलं असा अर्थ असेल तिथे ट: उत्कृष्ट, विशिष्ट, उद्दिष्ट, समाविष्ट. आणि विशिष्टवरून आलेलं म्हणून वैशिष्ट्य, त्यातही ‘ट’च.

‘त्त्व’चा गोंधळ तर इतका जुना की त्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही. नोकरीच्या अर्जात मात्र तो टाळता येत नाही, कारण ‘नेतृत्व’, ‘महत्त्व’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ या तिघांवाचून कुणाचा अर्ज पुरा होत नाही. मूळ शब्दच त् वर संपत असेल तर पुढचा त्व मिळून दोन त येतात: महत् आणि त्व, महत्त्व. नेतृ आणि त्व, इथे एकच. व्यक्तिमत् आणि त्व, पुन्हा दोन. हे एकदा कागदावर फोड करून लिहून पाहा. वाचून लक्षात राहत नाही, लिहून राहतं.

तिसरी जागा, तुमचा स्वतःचा फोन नंबर आणि ईमेल. इथली चूक कुणालाच दिसत नाही, तुम्हालाही नाही. अर्ज उत्तम, मुलाखतीला बोलवायचं ठरलं, आणि फोन लागत नाही. नंबर लिहिल्यावर दुसऱ्या फोनवरून तो अर्जात बघून लावा. आपलाच फोन वाजला तर ठीक.

फाइलच्या नावाकडे एक नजर टाका. ‘अर्ज फायनल नवीन २’ अशा नावाची फाइल आली की माझा हात कपाळाला जातो.

फोनवर टंकताना होणारं

काही चुका माणसाच्या नसतात, बोटांच्या असतात. ‘शुध्द’ ही त्यातली महाराणी. द आधी, ध नंतर: शुद्ध, पद्धत, प्रसिद्धी, सिद्ध, बुद्धी. जोडाक्षरात कोण आधी आलं हे फोनच्या बारीक अक्षरांत दिसत नाही, म्हणून अक्षर मोठं करून बघा. ‘दुसऱ्या’ आणि ‘करणाऱ्या’ यांतला र वेगळा असतो. साधा र वापरला तर ‘दुसर्या’ होतं आणि ते ‘सूर्या’सारखं वाचलं जातं. कळफलकावर तो ऱ कुठे दडलाय ते एकदा शोधून ठेवा, जन्मभराचं काम होतं.

शब्द तपासणाऱ्या सोयीवर पूर्ण भिस्त ठेवू नका. ती फक्त एवढंच बघते की असा शब्द कोशात आहे का. ‘वर्धापन दीन’ लिहिलंत तर ती गप्प बसेल, कारण दीन म्हणजे गरीब, बापुडा, हाही शब्दच आहे. इंग्रजीत अर्ज करणाऱ्यांचीही यातून सुटका नाही. मॅनेजरच्या स्पेलिंगमधला दुसरा ए गळला की जो शब्द उरतो त्याचा अर्थ गुरांची गव्हाण. तपासणीला तो चालतो, कारण गव्हाणही कोशात आहे. मी स्वतः एका अनुभवी माणसाला तीन वर्षं गव्हाण म्हणून काम केलेलं वाचलं आहे.

वाक्य कुठे मोडतं

वेलांट्यांपेक्षा मला जास्त अडवतात ती लांबलेली वाक्यं. एक नमुना देते, असे रोज येतात:

‘मी गेली चार वर्षे लेखा विभागात कार्यरत असून त्यामध्ये माझ्याकडून हिशोब ठेवणे, बिले तपासणे व इतर कामे करण्यात येत असून सदर कामाचा चांगला अनुभव असल्याने आपण संधी दिल्यास मी त्याचे सोने करीन अशी आशा आहे.’

यात शुद्धलेखनाची चूक नाही. पण ‘असून’ला धरून ‘असून’ लोंबकळतंय, काम कोण करतंय ते ‘माझ्याकडून’ आणि ‘करण्यात येत’ यांच्या मागे लपलंय, आणि शेवटी आशा कुणाला आहे तेही कळत नाही. तोडून बघा: ‘मी चार वर्षे लेखा विभागात काम करते. रोजचे हिशोब ठेवते. बिले तपासून मंजुरीसाठी पाठवते.’ वाक्य आखूड झालं की चुकायला जागाच उरत नाही. ज्यांना व्याकरणाची धास्ती आहे त्यांनी तर हे आधी करावं. एका वाक्यात एक क्रियापद, बस. सोन्याचं काय ते मुलाखतीत बघू.

नमुन्याचा अर्ज उतरवून घेणाऱ्यांसाठी एक सूचना. बाईच्या अर्जात ‘मी अर्ज सादर करतो’ असं आलं की अर्ज कुणाचा तरी उचललाय हे दुसऱ्याच ओळीत उघड होतं. मराठी क्रियापद चुगलखोर असतं. उतरवून घ्या, त्यात गैर काही नाही, पण सगळे ‘करतो’, ‘आलो’, ‘होतो’ शोधून आपले करून घ्या. आणि ‘केले’ लिहायला सुरुवात केलीत तर शेवटपर्यंत ‘केले’च ठेवा. मी इथे ‘केलं’ लिहितेय कारण मी तुमच्याशी बोलतेय. अर्जात ‘केले’ बरं दिसतं. दोन्ही बरोबरच आहेत, सरमिसळ तेवढी खटकते.

तपासायचं कसं

आपली चूक आपल्याला दिसत नाही, कारण आपण कागदावरचं वाचतच नाही. मनात जे लिहायचं होतं तेच वाचतो. म्हणून मजकूर अनोळखी करून घ्यावा लागतो. रात्रभर पडू द्या. अक्षराचं वळण आणि आकार बदला. शेवटच्या वाक्यापासून उलट सुरुवातीकडे या, म्हणजे अर्थाचा ओघ तुटतो आणि शब्द सुटे दिसतात. मुद्रितं तपासताना मी ओळीखाली पट्टी धरायची. हसू नका, अजूनही धरते.

मोठ्याने वाचा, किंवा फोनला वाचून दाखवायला सांगा. गळलेला शब्द, दोनदा आलेला ‘आणि’, मोडलेलं वाक्य हे कान लगेच पकडतो. पण कानाला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. आपण बोलताना ‘विनंति’ आणि ‘विनंती’ यांत फरक करतच नाही. तेव्हा वाक्यासाठी कान, शब्दासाठी कोश, अशी कामं वाटून द्या.

कोश सगळ्या शब्दांसाठी उघडायची गरज नसते. माणूस तेच तेच दहा-बारा शब्द चुकतो. आपले कोणते ते एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. माझ्या चिठ्ठीवर अजूनही ‘उज्ज्वल’ आहे (दोन ज, उत् आणि ज्वल), आणि ‘वकील’पासून होणारं ‘वकिलांना’. दुसऱ्यांच्या चिठ्ठीवर बहुधा ‘आणि’ असतो. शेवटी दीर्घ लिहायचा नियम याला लागू नाही. आणि, नि, परंतु, तथापि हे ऱ्हस्वच.

दुसऱ्याला वाचायला द्याल तर नुसतं ‘बघ जरा’ म्हणू नका. ‘छान आहे’ असं उत्तर येतं आणि कागद जसाच्या तसा परत. नेमकं काम सांगा: फक्त नावं आणि आकडे बघ, किंवा जिथे अडखळशील तिथे खूण कर. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ‘नाव’वर, ‘काही’वर टिंब दिलं तर वाद घालू नका, टिंबही ठेवू नका. त्यांच्या शाळेत ते बरोबरच होतं. १९६२ साली साहित्य महामंडळाचे चौदा नियम आले आणि असे उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. १९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडली. नियम बदलतात, सवयी मागे राहतात.

यंत्राकडून सगळा अर्जच सुधारून घेणारेही आता बरेच. घ्या. फक्त त्यातला एकही शब्द असा ठेवू नका जो मुलाखतीत तुम्हाला स्वतःहून वापरता येणार नाही.

ज्यांना हे मुळातच जड जातं

माझा धाकटा भाऊ विजेच्या मोटारी आवाजावरून ओळखतो. कुठलं बेअरिंग गेलंय ते झाकण न उघडता सांगतो. आणि एक पान लिहायला त्याला संध्याकाळ लागते. अक्षरं जागा बदलतात, एकच शब्द एका पानावर तीन प्रकारे येतो. शाळेत त्याला आळशी ठरवलं होतं. त्या आळशी ठरवणाऱ्यांत मीही होते, कारण मला सगळं येत होतं.

डिसलेक्सिया, म्हणजे बुद्धी शाबूत असूनही वाचन-लेखन जड जाणं, हा शब्द रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रवैद्याने १८८७ मध्ये वापरला. पुढे १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिकत लिहिली: हुशार, खेळात तरबेज, पण वाचता येईना. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत तल्लख मुलगा ठरला असता, असं त्याच्या मास्तरांचं मत त्यात नोंदलेलं आहे. ती हकिकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा भावाला फोन केला होता. तो म्हणाला, “बरं मग?” त्याला ते आधीपासून माहीत होतं.

अशी अडचण असेल तर ती अर्जात सांगायलाच हवी असं नाही. पण लेखी चाचणी असेल तर आधी कळवा, आणि अडचणीपेक्षा काय हवंय ते नेमकं लिहा: ‘मला वाचन-लेखनाशी संबंधित अध्ययन अक्षमता आहे. लेखी चाचणीसाठी थोडा अधिक वेळ आणि संगणकावर उत्तरे लिहिण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.’ दोन वाक्यं पुरेत, माफी मागायची नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारात अशा वाजवी सोयीची तरतूद आहे, तेव्हा तुम्ही मेहेरबानी मागत नाही आहात. शिवाय अर्जाला कामाचा पुरावा जोडा. भावाने दुरुस्त केलेल्या मोटारींचे आधीचे-नंतरचे फोटो जोडले होते, प्रत्येकाखाली चार शब्द. ते फोटो बोलत होते.

मजकूर तो फोनला सांगतो, फोन लिहितो, आणि मग मला पाठवतो. पहिल्या वेळी मी सगळा अर्ज माझ्या भाषेत लिहून काढला. त्याने तो परत पाठवला. “ताई, तू नुसतं बघ, लिहू नकोस. हे वाचून ते तुला नोकरी देतील.” तेव्हापासून मी फक्त खुणा करते.

पाठवून झाल्यावर चूक दिसली तर

दिसतेच. ‘पाठवा’ दाबल्यावर डोळे जेवढे तीक्ष्ण होतात तेवढे आधी कधीच नसतात. नाव, पद किंवा नंबर चुकला असेल तर लगेच एक ओळ पाठवा: ‘माझ्या अर्जातील दूरध्वनी क्रमांक चुकला होता, योग्य क्रमांक पुढीलप्रमाणे.’ कारणं नकोत, दोनदा क्षमस्व नको. नुसती वेलांटी चुकली असेल तर गप्प बसा. तिच्याकडे लक्ष वेधणारं पत्र तुम्हीच का लिहायचं?

भावाचा गेल्या वेळचा अर्ज मी तपासला, नावं बघितली, नंबर लावून पाहिला, त्याने पाठवला. रात्री अकराला त्याचा फोन.

“ताई, मोटार दुरुस्तीतला ‘रु’ दीर्घ गेलाय गं. विषयाच्या ओळीत. कोशात बघितलं आत्ता.”

मी उघडून बघितलं. दीर्घच होता. धोक्याच्या जागा सगळ्या जगाला सांगणाऱ्या माझ्याच नजरेतून सुटला होता.

“मग आता दुरुस्तीची दुरुस्ती पाठवू का?”

“झोप आता,” मी म्हटलं.